बारमध्ये अभंग गावा का?

गेल्या काही वर्षांत मराठी गाण्यांच्या जगात एक गोष्ट नेहमीची झाली आहे. चार-पाच पोरं एकत्र येतात, इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्सचा संच जमवतात आणि गायला घेतात तुकोबा, चोखोबा, जनाबाई, नाहीतर गोंधळातलं एखादं पद. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा यातला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा बँड. कबीर गाणारा 'नीरज आर्याज कबीर कॅफे' हाही मुंबईचाच. देशभर पाहिलं तर ही वाट बरीच जुनी आहे. कोलकात्याच्या 'मोहिनेर घोडागुली'ने १९७०च्या दशकातच बाउल गाणी आणि गिटार यांची गाठ घातली होती. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने २००० सालच्या 'कंदिसा' अल्बममध्ये नर्मदाकाठचं 'मा रेवा' गायलं. केरळच्या 'अवियल'ने मल्याळी लोकगीतं रॉकमध्ये आणली. याला रूट्स रॉक म्हणतात. म्हणजे वाद्यं बाहेरची, आवाज मोठा, पण गाणं आजीच्या तोंडचं.

आता या बँडांचा नवा अल्बम येतो तेव्हा काय होतं? मध्यरात्री तो स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर पडतो. मग शनिवारी पुण्यात नाहीतर मुंबईत एखाद्या बारमध्ये 'लाँच गिग' असते. दारावर कव्हर चार्ज, त्यात एक ड्रिंक. दिवे मंद होतात आणि पहिलंच गाणं विठ्ठलाचं.

माझं गाव वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं. आईचं माहेर भोर तालुक्यात. नोकरी पुण्यात. म्हणजे ज्या देवळात हरिपाठ म्हणतात ते देऊळ आणि ज्या बारमध्ये अभंग वाजतो तो बार, दोन्ही माझ्या आठवड्याच्या टप्प्यात येतात. त्यामुळे 'बारमध्ये अभंग गावा का?' हा प्रश्न मला फक्त कॉमेंटमध्ये भांडायला मिळालेला नाही. घरी जेवताना तो ताटावर येतो. त्याची दोन सोपी उत्तरं आहेत. एक, 'ही विटंबना आहे, बंद करा.' दुसरं, 'कला आहे, तुम्हाला काय करायचंय?' मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत, ते नीट मांडून पाहतो.

जागेचा वाद

पहिला आक्षेप जागेचा असतो. अभंग पवित्र, बार अपवित्र, म्हणून तिथे तो नको.

हा आक्षेप ऐकला की मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. बाहेर. ज्या माणसाचे अभंग गाभाऱ्यापर्यंत पोचले, तो स्वतः कधी आत जाऊ शकला नाही. त्यानंतर सहा शतकं गेली. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे ते देऊळ दलितांसाठी उघडलं. म्हणजे महाराष्ट्रात 'ही जागा पवित्र, ती अपवित्र' हा युक्तिवाद कुणी कुणाविरुद्ध वापरला, याचा इतिहास फार जुना नाही. आज तोच युक्तिवाद आपण गाण्यासाठी वापरणार असू, तर दोनदा विचार करायला हवा.

दुसरं म्हणजे अभंग एका जागी बसून राहिलेलाच नाही. तो वाटेवर चालला, शेतात गेला, जात्यावर बसला. १९३६मध्ये पुण्याच्या प्रभातने 'संत तुकाराम' काढला आणि अभंग सिनेमा थिएटरात गेला. तिकीट काढून, खुर्चीत बसून, शेंगदाणे खात लोकांनी तुकोबा पाहिले. त्या सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग लोकांना इतका खरा वाटला, की अनेकांनी तो तुकोबांचाच धरला. पुढे भीमसेन जोशींची संतवाणी नाट्यगृहात गेली. मग कॅसेट आल्या. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी एसटी स्टँडवर, टपरीवर, हॉटेलात वाजू लागली. त्याच गळ्यातून कव्वाली आली आणि भीमगीतंही आली. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की एका गळ्यात तीन गोष्टी कशा राहतील.

तमाशा तर आणखी पुढे. तिथे सुरुवातीला गण होतो, गणपतीला बोलावलं जातं, मग गवळण, मग लावणी आणि वग. तंबूच्या बाहेर काय विकलं जातं आणि आत कोण काय पिऊन बसलंय, हे गावाला ठाऊक असतं. तरी गण चुकत नाही.

आणि हे काही फक्त आपलंच नाही. अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प नावाची गायिका होती. चर्चमध्ये वाढलेली, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी. १९३८मध्ये ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबात देवाची गाणी गायली आणि चर्चची माणसं नाराज झाली. तिच्या आधी थॉमस डॉर्सीने उलटा प्रवास केला होता. तो बारमध्ये ब्लूज वाजवणारा पियानोवादक. त्याने तीच ढब चर्चमध्ये नेली, तेव्हाही चर्चवाले आधी बिथरले. आज त्याला गॉस्पेल संगीताचा जनक म्हणतात. १९५४मध्ये रे चार्ल्सने चर्चच्या गाण्याच्या चालीवर प्रेमाचं गाणं बांधलं, त्यालाही शिव्या बसल्या. त्यातून सोल संगीत उभं राहिलं. म्हणजे देऊळ आणि गुत्ता यांच्यातला रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे आणि गाणं त्यावरून जाता-येता मरत नाही.

आमच्या भजनी मंडळांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. पट्टीचे बुवाही रात्री दोन वाजता लोक पेंगायला लागले की अभंग हिंदी सिनेमाच्या चालीवर घेतात. टाळ एकदम जोरात येतात. त्या सिनेमात तेच गाणं कुठल्या प्रसंगात होतं, ते कुणी विचारत नाही.

तर जागेचा वाद माझ्यापुरता मिटला. जागेमुळे गाणं बाटत नाही.

मामांची माळ

पण दुसरा आक्षेप राहतो आणि तो माझ्या मामांचा आहे. म्हणजे त्यांनी तो शब्दांत कधी मांडला नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तीच तो आक्षेप.

मामा प्यायचे. भात लावणीची मजुरी, दुधाचे पैसे, एकदा तर मामींची जोडवी, सगळं त्यात गेलं. भोर-वेल्ह्याकडे अशी घरं शोधावी लागत नाहीत. मग एका कार्तिकात काकड्याला जाता जाता त्यांनी माळ घातली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वारकऱ्याची माळ हा दागिना नसतो. ती घातली की दारू बंद, मटण बंद, एकादशी धरायची, वारी करायची. तो शब्द असतो आणि सगळ्या गावासमोर दिलेला असतो. पिण्याची इच्छा झाली की माणूस आधी माळेला हात लावतो. मामा अजून लावतात, मी पाहिलंय. शहरात ज्याला व्यसनमुक्ती केंद्र म्हणतात ते काम आमच्याकडे कित्येक घरांत एका माळेने आणि रोज संध्याकाळच्या हरिपाठाने केलं आहे.

महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान होतं, ते तुम्ही ऐकलं असेल. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दारूचं दुकान बंद होतं. त्या मतदानाला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना दारू हा सूफी कवितेतला रूपकाचा प्याला वाटत नाही. त्यांच्यासाठी ती मोडलेली खुर्ची असते, शाळा सुटलेली मुलगी असते. आणि त्यातल्या बऱ्याच जणी संध्याकाळी देवळात जे म्हणतात, तेच आपला बँड शनिवारी बिअरच्या ग्लासांच्या आवाजात म्हणत असतो.

इथे प्रश्न पावित्र्याचा राहत नाही, तो कामाचा होतो. विटगेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की बहुतेक वेळा शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा वापर. शब्द काय आहे ते कोशात पाहू नका, लोक त्याने काय करतात ते पाहा. गाण्यालाही हे लागू करून बघा. मामांसाठी अभंगाचा अर्थ गाथेच्या पानावर नाही. त्या अभंगाने त्यांच्या घरात जे केलं, तो त्याचा अर्थ. ज्या गाण्याने एका माणसाला बाटलीपासून सोडवलं, तेच गाणं बाटली विकायला मदत करतंय, हे चालेल का? बारमालक बँडला पैसे देतो ते संगीतप्रेमामुळे असेलही. पण बँड छान वाजला की टेबलं जास्त वेळ बसतात आणि जास्त ऑर्डर देतात, हा त्याचा हिशोब असतोच. त्यात चूक काही नाही, त्याचा तो धंदा आहे. पण त्या हिशोबात तुकोबा येतात, हे खरं आहे. गंमत म्हणजे महाराष्ट्रात आषाढी एकादशीला ड्राय डे असतो. वर्षातून एक दिवस कायदाही मान्य करतो की या दोन गोष्टींत काहीतरी अंतर हवं.

हा आक्षेप मला जागेच्या आक्षेपापेक्षा कितीतरी खरा वाटतो. 'कला आहे, तुम्हाला काय करायचंय' हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. कारण ज्याचं घर वाचलं, त्याला त्या गाण्याशी देणंघेणं आहेच.

एकदा मी मामांना फोनवर अशा एका गिगचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. ड्रम्सवाल्याचं कौतुक केलं. मग मी विचारलं, "मामा, तुम्हाला खटकत नाही का? लोक पितायत समोर."

ते म्हणाले, "आरं, मी पयल्यांदा भजनाला गेलो तवा पिऊनच गेलो होतो की."

हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. सप्ताह चालू होता, मामा झिंगून देवळापाशी आले. कुणी हाकललं नाही. वीणेकऱ्याने डोळ्यांनी खुणावलं, कुणीतरी सरकून जागा केली, हातात टाळ दिले. ताल चुकत होता म्हणून शेजारच्याने त्यांचं मनगट धरून ठेवलं. असं तीन रात्री झालं. चौथ्या रात्री ते न पिता गेले. "प्यायलेल्या माणसानं अभंग ऐकायचाच न्हाई, असं ठरवलं असतं तर मी कुठं गेलो असतो?" त्यांनी मलाच विचारलं.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे वेगळं पाहायला लागलो. भजनाच्या दारात दारूडा चालतो. मग दारूच्या दारात भजन का चालू नये? तर्काने हे जुळतं. तरी दोन्ही गोष्टी एक नाहीत, असं मला वाटत राहिलं आणि फरक कुठे आहे ते शोधायला वेळ लागला. फरक उद्याचा आहे. भजनी मंडळाने मामांना आत घेतलं ते उद्याही यायचं म्हणून. नाही आले तर कुणीतरी घरी जाऊन विचारणार होतं. बारमधल्या गाण्याला उद्या नसतो. बिल दिलं की संबंध संपला. अभंगाचे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. एका ठिकाणी ते तुमच्याकडून काहीतरी मागतात, दुसऱ्या ठिकाणी काही मागत नाहीत.

बँडची बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी बँडवाल्यांना धारेवर धरतोय. तसं नाही. त्यांची बाजूही मांडली पाहिजे.

स्वतःचं नवं संगीत वाजवणाऱ्या मुलांना पुण्यात स्टेज कोण देतं? नाट्यगृहाचं भाडं भरण्याइतकी तिकिटं विकली जाणं अवघड. गणेशोत्सवात डीजेच्या भिंती लागतात. लग्नात हिंदी गाणीच लागतात. कॉलेजच्या फेस्टला मोठं नाव हवं असतं. देवळाने तर गिटारवाल्याला बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही. उरतो बार. तिथे स्पीकर असतो, मिक्सर असतो, दर शनिवारी माणसं असतात आणि थोडे का होईना पैसे मिळतात. जुन्या काळी गवयाला दरबाराचा आश्रय होता. राजाही काही फार सोवळा नसायचा. आज तो आश्रय बार देतो. देवळाने जागा द्यायची नाही आणि बारमध्ये गायलं म्हणून रागवायचं, हे काही न्यायाचं नाही.

आणि त्या गाण्याने काही घडतच नाही असंही नाही. माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे. घरी मराठी बोलतात, पण वारकरी परंपरा वगैरे काही नाही. तिने जनाबाईचा अभंग पहिल्यांदा ऐकला तो एका बँडच्या गिगमध्ये. हातात मॉकटेल. मग तिने शब्द शोधले, अर्थ शोधला. दुसऱ्या वर्षी पालखी पुण्यात आली तेव्हा ती दिवे घाटापर्यंत चालली. पायाला फोड आले, ते तिने सगळ्यांना दाखवले. म्हणजे बारमधल्या गाण्यालाही कधीकधी उद्या असतो. फक्त तो ऐकणाऱ्याने आपला आपण आणावा लागतो.

धरण उशाला

आता तिसरी गोष्ट, जी या वादात सहसा येत नाही.

आमच्याकडे आता धरणांच्या कडेला कॅम्प आणि रिसॉर्ट झाले आहेत. तंबू, शेकोटी, बार्बेक्यू आणि शनिवारी लाइव्ह म्युझिक. माझा मावसभाऊ अशाच एका ठिकाणी वेटर आहे. घरी तो पखवाज वाजवतो. पखवाजाला कणीक किती लावायची, हवा दमट असेल तर किती कमी करायची, हे त्याला बोटांनी कळतं. एका शनिवारी तिथे पुण्याचा एक बँड आला होता. मी मित्रांबरोबर पाहुणा म्हणून गेलो होतो. बँडने एक अभंग घेतला. चाल आमच्याच भागातल्या मंडळांत म्हणतात ती, जराशी बदललेली. भाऊ ट्रे घेऊन उभा होता. त्याचं बोट ट्रेच्या काठावर ठेका धरत होतं. ड्रम्सवाला समेला किंचित उशिरा येत होता आणि दर वेळी भावाची मान नकळत हलत होती. मग एका टेबलावरून हाक आली आणि तो सोडा आणायला गेला.

कुणी त्याच्याशी वाईट वागलं नाही. बँडची मुलं चांगली होती, नंतर त्यांनी त्याच्याशी हसून गप्पाही मारल्या. पण त्या अंगणात हजर असलेल्या माणसांत ते गाणं सगळ्यात जास्त ज्याच्या अंगात होतं, त्या माणसाला तिथे ते गायची सोय नव्हती. त्याचं काम ग्लास भरायचं होतं. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

आमच्याकडे म्हण आहे: धरण उशाला, कोरड घशाला. भोर-वेल्ह्यात तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाटघरचं आजचं धरण १९२०च्या दशकात पूर्ण झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेलं आणि तिकडे ऊस उभा राहिला. पानशेतचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येतं. म्हणजे पुण्यातल्या बारमध्ये ग्लासात जो बर्फ पडतो, तोही बहुधा आमचाच. आणि ज्या डोंगराळ वाड्यावस्त्यांवर हा सगळा पाऊस पडतो, तिथे एप्रिल-मे महिन्यात बायका हंडा घेऊन चालतात. भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वराचं जुनं देऊळ बुडालेलं आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते वर येतं. लोक गाड्या घेऊन बघायला येतात, फोटो काढतात.

पाणी खाली गेलं हे वाईट झालं का? नाही. पाणी खाली जायलाच हवं, त्यावर लाखो माणसं जगतात. तक्रार एवढीच आहे की जिथून ते निघालं तिथे काय उरलं, हे कुणी विचारलं नाही. गाण्याचंही मला असंच दिसतं. अभंग डोंगरातून शहरात आला, बारमध्ये गेला, अल्बम झाला, हे चांगलंच आहे. पण उगमाशी काही परत येतं का?

इथे कायदा आपल्याला फारसा उपयोगी नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. तुकोबा जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम झाला. पण ज्या चालीचा कर्ता कुणालाच माहीत नाही, तिच्यासाठी कुणाच्या नावाने चेक काढणार? म्हणून अल्बमवर लिहितात, 'पारंपरिक'. हा शब्द खोटा नाही. पण तो फार सोयीचा आहे. त्याच्या आड एखादे बुवा असतात, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी ती चाल अशी वळवली, आणि ते अजून जिवंतही असू शकतात.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते पाहायचं तर सॉलोमन लिंडाची गोष्ट वाचा. दक्षिण आफ्रिकेतला हा झुलू गायक. १९३९मध्ये जोहान्सबर्गला त्याने 'म्बुबे' नावाचं गाणं रेकॉर्ड केलं आणि त्याचे हक्क दहा शिलिंगला गेले. त्यातूनच पुढे अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, जे तुम्ही 'लायन किंग'मध्ये ऐकलं आहे. लिंडा १९६२मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना तडजोडीतून काही मिळालं ते २००६मध्ये. या साखळीतल्या बऱ्याच जणांना ते गाणं 'आफ्रिकेतलं कुठलंतरी पारंपरिक' वाटत होतं.

आमच्या बाबतीत एवढा मोठा अन्याय झालाय असं मी म्हणत नाही. बुवांनी सिनेमाची चाल उचलली तेव्हा त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. चाली अशाच फिरतात, फिरल्याच पाहिजेत. म्हणून हा मालकीचा प्रश्न नाही. हा ऋणाचा प्रश्न आहे. मालकी नसली तरी ऋण असतं. आईने शिकवलेल्या भाषेवर आईचा कॉपीराइट नसतो, पण म्हणून तिचं काही देणं लागत नाही असं कुणी म्हणत नाही.

मग काय करायचं?

माझं उत्तर असं आहे. बारमध्ये अभंग गावा. पण गाणाऱ्याने तीन गोष्टी मानाव्यात.

एक, कुठलं गाणं कुठे गायचं याची निवड करावी. गाथेत देवाशी भांडणारे अभंग आहेत, दांभिकांना झोडपणारे आहेत, पोट धरून हसवणारे आहेत. ते बारमध्ये उलट जास्त शोभतील, कारण तिथे जरा टोचणारं कुणीतरी हवंच असतं. पण ज्या गाण्यावर लोक शब्द देतात, माळ घालतात, ते 'चिअर्स' म्हणण्याआधीची पायरी करू नये. हा नियम कुणी बाहेरून लावायचा नाही. सेन्सॉर नको, मोर्चा नको, फोडाफोडी तर नकोच. गाणाऱ्याला आपण काय हातात घेतलंय हे माहीत असेल तर तो आपोआप निवडतो.

दोन, नाव घ्यावं. चाल कुठल्या गावात ऐकली, कुणाकडून शिकली, हे अल्बमच्या माहितीत एका ओळीत येऊ शकतं. 'पारंपरिक' या शब्दापुढे गावाचं नाव लिहायला काही खर्च येत नाही. आणि पखवाज हवा असेल तर सॅम्पल लावण्याआधी वाजवणारा माणूस शोधावा. ड्रम्सवाल्याला जे मानधन, तेच त्याला. माझा भाऊ शनिवारी रात्री मोकळा नसतो, पण बोलावलं तर सुट्टी टाकेल.

तीन, अल्बम झाल्यावर एक कार्यक्रम उगमाशी करावा. तिकीट नाही, बार नाही. गावातलं देवळापुढचं पटांगण, सप्ताहाच्या मांडवाशेजारी जागा मिळेल. लोक नावं ठेवतील, म्हातारे कानात बोटं घालतील, मागची पोरं शिट्ट्या मारतील. त्यात कुणीतरी उठून सांगेल की सम चुकली. हे ऐकून घेण्याची तयारी म्हणजेच मूळ. नाहीतर रूट्स हा शब्द फक्त पोस्टरवर राहतो.

ही तिसरी गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. मंडळांनी, देवस्थानांनीही गिटारवाल्याला आत घ्यावं लागेल. मामांना पिऊन आलेलं असताना ज्यांनी सरकून जागा दिली, त्यांना शुद्धीत आलेल्या ड्रम्सवाल्यासाठी सरकायला फार जड जाऊ नये.

आणि आपण, म्हणजे तुम्ही-मी, जे ऐकतो? आपल्याकडून तर कुणी काहीच मागत नाही. हेडफोनमध्ये अभंग येतो, पंधरा सेकंदांची रील होते, हार्ट दिलं की झालं. त्यातही पाप काही नाही. पण गाणं आवडलं असेल तर ते आपल्याकडे काय मागतंय, हा प्रश्न कधीतरी स्वतःला विचारावा. उत्तर म्हणून माळच घालायला हवी असं नाही. कदाचित एक शब्द अडला म्हणून कुणाला फोन करावा लागेल. कदाचित शनिवारच्या कॅम्पवर जो सोडा आणून देतो, त्याला विचारावं लागेल, "तुमच्याकडे हे कसं म्हणतात?"

माझ्या भावाला अजून कुणी हे विचारलेलं नाही. विचारलं तर तो आधी लाजेल. मग ट्रे खाली ठेवेल आणि टेबलावरच ठेका धरून दाखवेल.